अकरा वॉल आणि एक

आमच्या बोरझरीत नळाला पाणी आठ दिवसांनी येतं आणि ते कानिफ मरकड सोडतो. सोडायचा, असं आता म्हणायला हवं, पण जिभेला जुनं वळण आहे. गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. अर्धं चढावर, अर्धं उतारावर. चढावरची ती वरची आळी, उतारावरची खालची. मी खालच्या आळीत राहतो. कानिफच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी करून मी घरी बसलो आहे. या हकिगतीत मी मधूनमधून चिडणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं माझ्या नळाला करंगळीएवढी धार आली, तेव्हा चिडायचा मला हक्क आहे.

गावात पाइपलाइन झाली तेव्हापासून कानिफ ग्रामपंचायतीचा पाणीवाला. शिडशिडीत अंग, खाकी पँट, गळ्यात पंचा आणि खांद्यावर वॉल फिरवायची चावी. चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीचा लोखंडी दांडा, वर धरायला आडवी मूठ. पाइपावरच्या झडपा, म्हणजे वॉल, गावात अकरा, आणि कुठला किती फेरे उघडायचा हे कानिफच्या डोक्यात. शाळेपुढचा साडेसहा, चावडीचा चार, पारापाशी पाच आणि वर जरासा. मी त्याला एकदा कोरी वही दिली होती, लिहून ठेव म्हणून. तो म्हणाला, "सर, लिवलं की ते वहीचं झालं." वही परत आली. साठी उलटली तरी ग्रामपंचायतीनं त्याला सोडलं नाही, कारण त्याच्याबरोबर फेरेही घरी गेले असते.

माणूस सरळ, आणि सरळपणाचा जरा जास्तच सोस असलेला. पाण्याच्या दिवशी तो कुणाच्या दारात चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की माणूस दहा मिनिटं जास्त पाणी मागतो, हे त्याचं शास्त्र. स्वतःच्या पोरीचं, जयाचं लग्न मांडवात उभं होतं, तरी त्यानं खालच्या आळीला मिनिट वाढवून दिलं नाही. लग्नाला टँकर आणला. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, त्या दिवशी टँकरच्या नळीनं पाहुण्यांच्या घागरी भरल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी मात्र मांडवात चार लोकांना ऐकू जाईल असं बोललो होतो.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की पाण्याच्या दिवशी कानिफ स्वतः पाणी पीत नाही. आधी वाटलं, काही नवस असेल. मग दिसलं की दोन वॉलच्या मध्ये तो कुठल्या तरी पडक्या भिंतीआड जातो आणि बराच वेळ येत नाही. आला की पंच्यानं कपाळ पुसतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. अकरा वर्षांपूर्वी मी यातूनच गेलो होतो. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "कानिफ, ही प्रोस्टेटची गाठ आहे. पुरुषाला वयानुसार वाढते. पाणी पिणं बंद करून ती जात नाही."

तो हसला. "वय झालं की धार बारीक व्हनारच, सर. तुमच्या नळाची न्हाई का झाली?"

तेव्हा मला ते नुसतं उत्तर वाटलं. आता आठवलं की अजून राग येतो.

पाथर्डीच्या डॉक्टरांच्या गोळीवर दीड वर्ष निघालं. मग सोनोग्राफी झाली. पंचवीस ग्रॅमच्या आसपास असायची ती ग्रंथी एकशे दहा ग्रॅमची झाली होती, आणि लघवी करून आल्यावरही मूत्राशय निम्मं भरलेलं राहत होतं. ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. कानिफनं ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. उन्हाळ्यात म्हणाला, पाऊस पडू द्या. पाऊस पडला तर म्हणाला, गढूळ पाणी येतंय, वॉल धुवावे लागतात. खरं कारण एकच होतं, आणि एकदा ते त्याच्या तोंडून निघालं. "मी निजलो तर चावी कुनाला देऊ?" महिनाभर दुसऱ्या कुणी चावी धरली, तर बावीस वर्षांचा आपला हिशोब उघडा पडेल, असं काहीतरी त्याला वाटत होतं. काय उघडं पडेल, ते मला कळायला अजून वेळ होता.

शेवटी दुखण्यानंच निकाल लावला. एका शनिवारी सकाळी शाळेपुढच्या वॉलवर तो चावी धरून उभा होता आणि चावी फिरत नव्हती, कारण फिरवणाऱ्याला वाकता येत नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून एक थेंब उतरला नव्हता. ओटीपोट दगडासारखं लागत होतं. मी जीप बोलावली, लंकाबाईला घेतलं आणि आम्ही पाथर्डी गाठली. तिथं नळी घातली तेव्हा पिशवीत लिटरभर लघवी आली. कानिफ त्या पिशवीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "येवढं तुंबलं हुतं?"

पुढच्या आठवड्यात नळी तशीच ठेवून तो पाणी सोडायला गेला. एका हातात चावी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि त्या पिशवीत लघवीची पिशवी. वरच्या आळीच्या बायकांना वाटलं, बाजार करून आला.

नगरला डॉ. कल्याण दहातोंडे यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. शहराच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टर अजून नगरच ओरडतो. डॉक्टर नेवाशाकडचे, बोलायला मोकळे. त्यांनी कागदावर चित्र काढलं. ही मूत्राशयाची पिशवी, हा खाली निघणारा मार्ग आणि मार्गाभोवती ही ग्रंथी. ती आतल्या अंगाला वाढते आणि मार्ग आवळते.

कानिफनं खुर्ची पुढं ओढली. "म्हंजी टाकी भरलेली, पन टाकीच्या तोंडाला वॉल आवळलेला."

"बरोबर."

"आन टाकी सारखी तुंबली की मागं पंपावर दाब येनार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तो पंप म्हणजे तुमच्या किडन्या. त्यांना सूज यायला लागली आहे. रक्तातही ते दिसतंय. नळी घातल्यावर थोडं उतरलंय, पण आणखी सहा महिने असेच काढलेत तर किडनी जाईल. मग मी काही करू शकणार नाही."

लंकाबाई तोवर दाराशेजारी बसली होती. ती उठली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"मंग रस्ता खोदावा लागनार," कानिफ म्हणाला.

"पूर्वी पोट उघडायचे. मग लघवीच्या मार्गानंच दुर्बीण घालून, विजेच्या तारेनं गाठ खरवडून काढायला लागले. लहान गाठीला ती पद्धत अजूनही चांगली आहे."

"माझी तशीच झाली," मी म्हणालो. मला ते सांगायचंच होतं. पाच दिवस नळी, सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या आणि पिशवीत रोज बिटाच्या रसाचा रंग. सहाव्या दिवशी घरी आलो तेव्हा एंजेलानं, माझ्या बायकोनं, मला हात धरून पायरी चढवली होती.

"तुमची गाठ लहान असेल, सर. यांची मोठी आहे. आणि छातीत दुखून गेल्यापासून हे रक्त पातळ करायची गोळी घेतात. खरवडत बसलं तर रक्त फार जाईल. म्हणून लेझर."

कानिफचं अंग आखडलं. "लेझर म्हंजी वरातीत डीजेवर फिरतं ते? त्यानं आमच्या हितं एका नवरदेवाच्या भावाचा डोळा गेला, सायेब."

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. "किरणच तो, पण जात निराळी. वरातीतला हवेतून लांब जातो. हा पाण्यात चालतो. दुर्बिणीतून काचेची बारीक तार आत जाते आणि काम चालू असेपर्यंत आम्ही आत सलाइन वाहतं ठेवतो. तारेच्या टोकाला जे लागेल तेवढंच कापलं जातं. अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडं तो जात नाही, पाणीच त्याला अडवतं. आणि कापता कापता तो रक्ताच्या नळ्या बंद करत जातो."

"पानी अडवतं त्याला?"

"पाणीच."

कानिफ माझ्याकडं वळून म्हणाला, "मंग ठीक हाय." डोळ्याची भीती त्याच्या मनातून तिथंच गेली.

"लेझरचेही प्रकार आहेत," डॉक्टर सांगत होते. "एकात गाठीची जागच्या जागी वाफ करतात. तुमच्या एवढ्या मोठ्या गाठीला मी सोलतो. मोसंबी सोलताना गर सालीपासून सुटा होतो, तशी गाठ तिच्या सालीपासून सोडवायची आणि मूत्राशयात ढकलायची. तिथं तिचे बारीक तुकडे करून ओढून घ्यायचे. साल जागेवर राहते. आत फारसं काही उरत नाही, म्हणून पुन्हा वाढायची भीती कमी."

"म्हंजी पाइप खरवडायचा न्हाई. आतला समदा थर उकलून काढायचा."

"तुम्ही माझ्याकडं कामाला या," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. काही आठवडे थेंब थेंब गळेल, त्यासाठी खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करायचा. जळजळ होईल. वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जाईल, त्यानं अपाय नाही. हे ऐकून कानिफ छताचा पंखा बघायला लागला. लंकाबाई मागून म्हणाली, "नातवंडं झाली आता. म्होरलं सांगा."

पुढचंच खरं अवघड होतं. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. आणि महिनाभर वजन उचलायचं नाही, दुचाकी नाही, जोर लागेल असं काही करायचं नाही, चावी फिरवायची नाही. आतली जखम ओली असते, जोर लावला की रक्त सुरू होतं. कानिफनं दोनदा विचारलं आणि डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं.

तर चावी लंकाबाईकडं आली. सरपंचांना दुसरं कुणी सुचत नव्हतं. तिला सगळे फेरे शिकवायला कानिफ बसला, तर ती म्हणाली, "नऊ मला येतात. मी काय भाकरी घिऊन नुसती हुबी ऱ्हायची व्हय? मोजत हुते." दोन राहिले होते तेवढे त्यानं सांगितले. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. तिनं बोटांवर पुन्हा सगळे मोजले आणि विचारलं, "अकराच ना?"

"अकराच," कानिफ म्हणाला.

ऑपरेशन सोमवारी झालं. कमरेतून सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, माणूस जागा. त्यानं पडद्यावर बघायला मागितलं आणि डॉक्टरांनी बघू दिलं. दीड तास लागला. बाहेर आणल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. गाठ कशी हळूहळू कडेनं सुटत गेली, टोकाशी ठिणगीसारखा उजेड कसा दिसायचा, पाणी आत कसं सतत वाहत होतं. "लई सबुरीचं काम हाय, सर. माणूस कुटं घाई करत न्हाई." संध्याकाळपर्यंत पिशवीतला रंग फिका गुलाबी झाला. काढलेले तुकडे बाटलीत भरून तपासणीला गेले आणि पुढं त्यात वाईट काही निघालं नाही. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या पाच दिवसांचं त्यानं दोन दिवसांत उरकलं.

बुधवारी सकाळी नळी काढली. तो संडासात गेला आणि मी नि लंकाबाई बाहेर बाकावर बसलो. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"झाली का?" लंकाबाईनं विचारलं.

"समोरच्या भिताडाला लागली," तो म्हणाला. लंकाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती बराच वेळ हसत होती. त्या दुपारी आम्ही घरी आलो.

शनिवार उजाडला. पाण्याचा दिवस. लंकाबाई पाचला उठली, खांद्यावर चावी घेतली आणि अकरा वॉल क्रमानं सोडून आली. सहाच्या सुमाराला माझ्या नळानं खाकरल्यासारखा आवाज केला आणि धार आली. एरवी आमच्याकडं पाणी सगळ्यांत शेवटी, नऊला यायचं. मी पिंप भरलं, हंडे भरले, बादल्या भरल्या, आणि एंजेलानं पडदे धुवायला काढले. मी मनात म्हटलं, बाईमाणसाच्या हाताला बरकत आहे.

आठला वरच्या आळीतून बारा-पंधरा माणसं उतरली. बायकांच्या कमरेवर रिकामे हंडे होते. पुढं सहादेव, वरच्या आळीचा दूधवाला, आवाजानं मोठा पण मनानं वाईट नाही.

"लंकाबाई, पानी कुटं गेलं?"

"म्या अकरा वॉल सोडलेत. मोजून सोडलेत."

सहादेवनं माझ्या दारापुढच्या गटारीकडं बोट दाखवलं. एंजेलाच्या पडद्यांचं पाणी तिथून भरून वाहत होतं. "मंग हे काय? बावीस वर्सं कानिफनं थेंब हिकडचा तिकडं केला न्हाई. तुमच्या हातात चावी आली आन पैल्याच दिशी पानी आपल्या आळीला वळवलं. ह्याला चोरी म्हनतात."

लंकाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. कानिफ दारात बाजेवर बसला होता, हातात पाण्याचा तांब्या. तो खाली बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "उद्या मिळंल पानी. टाकीत हाय अजून."

लोक गेले. लंकाबाईनं चावी उंबऱ्याशी आडवी ठेवली आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. आयुष्यात तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "सर, फेरे चुकले असते तर म्या म्हनले असते चुकले. चुकले न्हाईत." कानिफ अजून बाजेवर तांब्या धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये उपासनेला जायचं म्हणून मी पहाटेच उठलो होतो. बाहेर दगड सरकल्याचा आवाज आला. आमच्या आळीच्या तोंडाशी धुण्याचा एक मोठा काळा दगड आहे. लंकाबाई त्यावर धुणं धुते, एंजेला धुते, आळीतल्या सगळ्याच बायका धुतात. कानिफ पहारीनं तो दगड उचकटत होता. दगडाखाली विटांनी बांधलेला खड्डा होता आणि खड्ड्यात वॉल. त्यानं चावी घातली, अंगातला सगळा जोर लावला आणि फिरवली. मग तो उठला, भिंतीकडं लघवीला गेला आणि तिथूनच मला हाक मारली. "सर, लाल हाय."

मी लंकाबाईला ओरडून बोलावलं. ती धावत आली. आधी तिनं रक्त बघितलं, मग खड्डा बघितला.

जीपमध्ये कानिफनं सगळं सांगितलं. पाणी उताराला धावतं. पाइपलाइन झाली तेव्हा वरच्या आळीला थेंब चढेना आणि आमच्याकडं भसाभसा यायचं. पाणीवाल्याच्या दारात पाणी, अशी गावात कुजबूज सुरू झाली. तेव्हा त्यानं फिटरला सांगून आळीच्या तोंडाशी एक जादा वॉल बसवून घेतला, आणि त्यावर धुण्याचा दगड ठेवला, कारण आमच्या आळीला कळलं असतं तर आम्ही तो उपटून टाकला असता. त्यात तो खोटं बोलत नव्हता. मी स्वतः टाकला असता. बावीस वर्षं पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून तो दगड सरकवायचा आणि वॉल बंद करायचा. वरची आळी भरली की बायका धुण्याला यायच्या आत दोन फेरे उघडायचा. दोनच, कारण धार मोठी आली तर लोकांना संशय आला असता. दवाखान्यात जाताना तो दोन फेऱ्यांवर उघडाच राहिला होता. त्याला वाटलं, एका पाळीनं काय होतंय. आज वरच्या आळीला पाणी चढावं म्हणून तो बंद करायला उठला होता.

मी रागावलो. जीप थांबवून उतरावं इतका रागावलो. मी पाइपात क्षार साचले म्हणून जिल्हा परिषदेला चार अर्ज लिहिले होते, आणि ते चारही अर्ज टाकायला कानिफच पाथर्डीला गेला होता. पण पुढच्या सीटवर त्याचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

लंकाबाई पाण्याबद्दल काही बोलली नाही. तिसगाव मागं पडल्यावर म्हणाली, "काल समद्यांम्होरं मला चोर म्हनले. तवा तुमी गप बसला."

कानिफनं पंचा तोंडावर ओढून घेतला.

डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली, आतल्या रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढल्या आणि मोजक्या शब्दांत झापलं. गाठ गेली आहे, पण जखम सहा दिवसांची आहे. लेझर कितीही चांगलं असलं तरी ते पहारीशी कुस्ती खेळायला दिलेलं नाही. दोन दिवसांनी नळी निघाली. निघताना त्यांनी लंकाबाईला विचारलं, "चावी कुणाकडं आहे?" ती म्हणाली, "माझ्याकडं ऱ्हाईल."

पुढच्या शनिवारी तिनं दोन्ही आळ्यांना आमच्या तोंडाशी बोलावलं, चांगलं उजाडल्यावर. सहादेवही आला. तिनं दगडाकडं बोट दाखवलं आणि ती काही बोलणार, तोच कानिफ बाजेवरून उठला. हळूहळू चालत आला. जोर लागू नये म्हणून त्यानं एक हात भिंतीला धरला होता.

"ह्या दगडाखाली बारावा वॉल हाय," तो म्हणाला. "म्या लपवला. हिला ठावं नव्हतं. त्या दिशी हिला चोर म्हनले, तवाच म्या बोलाया पायजे हुतं. म्या भ्यालो. चोरी माझी हाय, हिची न्हाई."

मी बोलणार होतो, पण एंजेलानं माझी बाही धरली. मग सहादेव पुढं झाला, त्यानं दगड एकट्यानं उचलून बाजूला ठेवला आणि लंकाबाईला म्हणाला, "चुकलं माझं, वहिनी." तिनं मान हलवली आणि चावी खड्ड्यात घातली.

तिनं रीत साधी ठेवली. पाच ते सात हा वॉल बंद, तोवर वरची आळी भरायची. सातला तो उघडायचा. कुणाला बघायचं असेल त्यानं येऊन बघावं. पहिल्या दोन पाळ्यांना वरून माणसं बघायला आली, तिसऱ्या पाळीला कुणी आलं नाही. दगड आता खड्ड्याशेजारी आहे. बायका तिथंच धुणं धुतात.

महिना झाल्यावर आम्ही तपासायला गेलो. दवाखान्यात धार मोजायचं यंत्र आहे. त्यात लघवी केली की कागदावर रेघ उमटते. डॉक्टरांनी कानिफला दोन्ही कागद दिले, पाथर्डीत सोनोग्राफीच्या वेळी काढलेला आणि आजचा. आधीची रेघ जमिनीलगत, लांबच लांब सरपटत गेलेली. आजची उभी चढून लगेच उतरलेली. किडन्यांची सूजही ओसरली होती. एसटीत तो सारखे ते कागद काढून बघत होता. "येवढी वर्सं दोन फेऱ्यावर चाललो, सर," तो म्हणाला. मी म्हटलं, "मीसुद्धा." तो खाली बघून हसला आणि माझा राग तिथं निम्मा उतरला. निम्मा मी ठेवून घेतला आहे.

घरी आलो तेव्हा लंकाबाई भाकरी थापत होती. कानिफनं कागद तिच्यापुढं धरले, रेघा समजावून सांगितल्या. तिनं पिठाचे हात लांब धरून नीट बघितलं. पुढचं बोलणं त्याला जड गेलं असावं, कारण त्यानं आधी घसा साफ केला.

"आता आपल्या आळीचा वॉल दोन फेऱ्यावर नको ठिवू," तो म्हणाला. "वरच्यांचं झालं की पुरा उघडत जा."

"पैल्या शनवारपासनंच पुरा उघडते," लंकाबाई म्हणाली. "कुनी काय म्हनलं न्हाई."

मला ते माहीत होतं. माझ्या नळाला धार त्या दिवसापासून मनगटाएवढी येत होती. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं.

कानिफ तिथंच बसला. चावी दारामागं उभी होती, तिकडं त्यानं एकदा बघितलं. ती त्यानं मागितली नाही. लंकाबाईनं तांब्या भरून त्याच्यापुढं सरकवला.

"प्या," ती म्हणाली. "आज एकच लिटर झालंय."

त्यानं तांब्या उचलला आणि तो पाणी प्यायला लागला.